गळ, जीप आणि लाल फडकं

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, तहानंतर मोडलेले तहही असतात. पण लांब वस्तू आखूड वाहनावरून कशी न्यायची, या प्रश्नावर एकाही इतिहासकाराने दोन ओळी खर्ची घातल्याचं माझ्या वाचनात नाही. वास्तविक माणसाचं निम्मं आयुष्य यातच जातं. शिडी, मांडवाचा बांबू, पडद्याचा दांडा, नळाचा पाइप, या सगळ्या वस्तू वाहनापेक्षा हातभर लांबच असतात. दुकानदार त्या विकतो आणि मग गल्ल्याकडे तोंड करून बसतो. पुढचा इतिहास गिऱ्हाइकाने घडवायचा.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहास मला दहावीनंतर भेटला तो फक्त ‘मागील शिल्लक’ या सदरात. शिवाय पेशाने बँकेतला कारकून. तेव्हा हा विषय हाती घ्यायचा माझा अधिकार काय, असं तुम्ही विचाराल. अधिकार एवढाच, की मी म्हसावदला नोकरी करतो.

शहाद्याहून तोरणमाळला निघालात की म्हसावद लागतं. पपई, केळी आणि ऊस यांचं सपाट रान इथे संपत येतं आणि सातपुडा समोर येऊन उभा राहतो. डोंगरात शिरणारा माणूस इथे थांबून एक चहा घेतो आणि डोंगरातून उतरलेला दोन घेतो. आमच्या शाखेसमोरच्या टपरीवर त्यामुळे दोन जातींच्या गाड्या हमखास दिसतात. एक म्हणजे शहरातली फोर-व्हील ड्राइव्ह. रंग नवा, टायर मोठे, टपावर लोखंडी जाळी आणि जाळीवर गळाच्या काठ्या. त्यांना ‘काठ्या’ म्हटलेलं मालकाला आवडत नाही, ‘रॉड’ म्हणावं लागतं. दुसरी म्हणजे आपली काळी-पिवळी. तिच्यात माणसं किती, हे मोजायला बॅलन्सशीट जुळवण्याइतका वेळ लागतो, आणि तरीही फरक येतोच. तिच्याही खिडकीतून कधी कधी गळाची काठी बाहेर आलेली असते. ती बांबूचीच असते, आणि तिला काठी म्हटलेलं कोणाला लागत नाही.

या दोन काठ्या एकाच टपरीसमोर उभ्या राहिलेल्या पाहिल्या आणि मला वाटलं, यांचा वंशवृक्ष काढायला हवा. काढला. आणि निघालं असं, की दोघी सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी आहेत.

सुरुवात फोर-व्हील ड्राइव्हपासून करू. या तत्त्वाचा अर्थ एवढाच, की इंजिनाने मागच्या दोन चाकांनाच न राबवता पुढच्या दोघांनाही कामाला लावायचं. (कार्यालयांत हे तत्त्व अजून यायचं आहे. तिथे चौघांपैकी एकच चाक फिरतं.) पण हा शोध मोटारवाल्यांचा नाही. चारही पायांना सारखी ताकद मिळणारं वाहन आमच्या जवळच, तापीकाठी सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या यात्रेत विकायला येतं. त्याला घोडा म्हणतात. आणि लांब बांबू या चारपायी वाहनावरून सुरक्षित कसा न्यायचा, हा प्रश्न पहिल्यांदा सोडवला तो कोळ्याने नव्हे, स्वाराने.

भालाईत स्वार म्हणजे नऊ फुटी काठी घेऊन प्रवास करणारा माणूस. काठी हातात धरून दिवसभर घोडदौड करा म्हणजे कळेल, संध्याकाळपर्यंत हात शत्रूचा होतो. म्हणून इंग्रजांच्या भालाईत पलटणींत रिकिबीपाशी चामड्याचा एक छोटा खोबळा असे. भाल्याचं बूड त्यात टेकवायचं आणि वर दांड्याला बांधलेला चामड्याचा पट्टा दंडात अडकवायचा. खाली एक आधार, वर एक आधार. बस्स. आज गाड्यांवर गळाच्या काठ्या अडकवायला जे महागडे खोबळे आणि पट्टे मिळतात, त्यांचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आलं. बाकीची किंमत पाकिटाची.

आणि तो भाला कशाचा होता माहीत आहे? १८६८च्या सुमारास ब्रिटिश फौजेने भाल्यासाठी आपल्या हिंदुस्थानी बांबूचा दांडा घेतला. भरीव, चिवट, वाकेल पण मोडणार नाही असा. या जातीला इंग्रज ‘नर बांबू’ म्हणत, आपण ‘मानवेल’ म्हणतो. सातपुड्यात तो आपला आपण उगवतो. म्हणजे साहेब ज्याच्या जोरावर परेडला ताठ बसत असे, ती वस्तू आमच्या शेजारच्या डोंगरात कुडाच्या भिंतीला लागत होती. असो.

याच बांबूने आणखी एक पराक्रम केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिपी नावाचा बंदुकी दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याने बांबूच्या उभ्या पट्ट्या चिरून, त्या सरसाने एकमेकींना चिकटवून गळाची काठी बनवली. पुढे मेन प्रांतातल्या हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांच्या काठीचा चांगला धंदाच उभा केला. या काठ्यांसाठी बांबू जाई तो आपल्याकडून. बाजारात त्याला नावच होतं ‘कलकत्ता केन’. त्याच्या अंगावर भाजल्याचे काळे डाग असत आणि कारागीर त्यांवरून माल ओळखत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनचा ‘टॉन्किन’ बांबू आला आणि आपला बांबू मागे पडला. निर्यातीत आपण मागे पडल्याची ही काही पहिली वेळ नव्हती, शेवटचीही नाही. पण मधली काही दशकं अमेरिकेतल्या नद्यांवर जो साहेब ऐटीत गळ टाकून बसे, त्याच्या हातात हिंदुस्थानचा बांबू होता. म्हणून म्हटलं, टपावरची आणि खिडकीतली काठी या चुलत बहिणी. एक परदेशी जाऊन, नाव बदलून, गाडीच्या टपावर बसून परत आली. दुसरी माहेरीच राहिली.

आता प्रवासाचा प्रश्न. जुन्या काळी विलायतेतल्या काठ्या पंधरा-अठरा फुटांच्याही असत. तेव्हा गळ टाकणारा गावच्या नदीवरच जाई, त्यामुळे चाललं. पण पुढे घोडागाडी आली, आगगाडी आली, आणि लोक दुसऱ्यांच्या नद्यांवर जाऊ लागले. अठरा फुटांची काठी घेऊन आगगाडीच्या डब्यात शिरणं म्हणजे सहप्रवाशांच्या डोळ्यांशी थेट संबंध. तेव्हा काठीने माघार घेतली. तिचे दोन तुकडे झाले, तीन झाले, जोडाला पितळी टोपणं बसली. इथे मला या इतिहासाचं सूत्र सापडलं. वाहन आणि काठी यांच्या भांडणात वाहन कधीच लांब झालं नाही, दर वेळी काठीच आखूड झाली. संसारी वाचकांना हे सूत्र अधिक समजावून सांगायला नको.

हिंदुस्थानात हा शौक साहेबाबरोबर आला आणि आपल्या नद्यांत त्याला जोडीदारही तोलामोलाचा मिळाला. कर्नल साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या नदीतल्या एका मोठ्या माशाचं वर्णन १८३९ साली शास्त्रीय कागदपत्रांत नोंदवलं. मराठी माणसाच्या तोंडून ऐकलेलं नावच त्याने माशाला दिलं, ‘खुद्री’. आज आपण त्याला खडस किंवा महसीर म्हणतो. त्या नोंदीत मुळा-मुठेचं ‘मोटा मोला’ झालं आहे, पण मासा बिनचूक आहे. पुढे हेन्री सलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर एक जाडजूड ग्रंथच लिहिला आणि १८७३ साली तो मंगळूरला छापला. सरकारी नोकरीत राहून माशांवर ग्रंथ लिहायला वेळ कसा मिळाला, हा प्रश्न आमच्या ऑडिटरांना नक्की पडला असता. मुंबईत १८९१ साली पाण्यासाठी बांधलेला पवईचा तलाव पिण्याच्या कामाचा राहिला नाही, आणि १९३०च्या दशकात तिथे गळवाल्यांची रीतसर संघटना उभी राहिली. ती अजून आहे. म्हणजे पाण्याचं खातं बुडालं तरी माशांचं चालू राहिलं.

या सगळ्या काळात काठी आगगाडीच्या डब्यात, टांग्यात, नोकराच्या खांद्यावर अशी फिरत होती. तेवढ्यात महायुद्ध आलं आणि जीप आली.

१९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांनी चालणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिली गाडी करून दाखवली, आणि मोठी ऑर्डर गेली विलिस आणि फोर्ड यांच्याकडे. (मेहनत एकाची, बढती दुसऱ्याची, हा नियम नुसता आमच्याकडेच आहे असं समजू नका.) युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. जीपची लांबी अकरा फूट. हा आकडा लक्षात ठेवा. दहा फुटांची काठी न मोडता न्यायची झाली तर ती जीपमध्ये मावत नाही, जीपच्या बाजूने जेमतेम जीपएवढी होते.

लष्कराला माशांशी कर्तव्य नव्हतं, पण लांब वस्तूंशी होतं. म्हणून या जीपच्या डाव्या अंगाला, बाहेरून, फावडं आणि कुऱ्हाड पट्ट्यांनी आवळलेली असे. आत जागा नसेल तर बाहेर, पण अंगाला चिकटून, लांबीच्या दिशेने आणि दोन ठिकाणी बांधून. घोडेस्वाराचाच धडा, फक्त आडवा केलेला. बिनतारी संदेशाच्या जीपवर लांबलचक लवचिक एरियल असे. ते झाडांत आणि तारांत अडकू नये म्हणून शिपाई त्याचा शेंडा दोरीने ओढून, कमान करून पुढे बांधत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, जीपच्याच गळाला मोठा मासा लागलाय!

गंमत म्हणजे ही नुसती उपमा राहिली नाही. १९४४च्या सुमारास आर्थर हॉवल्ड या अमेरिकन तंत्रज्ञाने आपल्या मोडलेल्या बांबूच्या काठीला काचतंतू आणि राळ यांनी ठिगळ लावलं, आणि त्यातून फायबरग्लासची काठी जन्मली. शेक्सपिअर नावाच्या कंपनीने ती बाजारात आणली. (नाटकवाले ते नव्हेत.) याच कंपनीने पुढे फायबरग्लासची एरियलंही विकली. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, टॉन्किन बांबू मिळेना, आणि काचेच्या काठीचं राज्य सुरू झालं. १९७३च्या सुमारास कार्बनची काठी आली. ती हलकी, ताठ आणि महाग. तिचा एक गुण विक्रेता शेवटी सांगतो किंवा सांगतच नाही, तो म्हणजे तिच्यातून वीज वाहते. विजेच्या तारेखाली ती उभी करून मिरवणाऱ्याला माशाची चिंता पुन्हा करावी लागत नाही.

आपल्याकडे जीप आली त्यातही एक फाळणी आहे. १९४५ साली महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाच्या व्यापाराची पेढी काढली. फाळणी झाली, मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. पेढीचं नाव १९४८ साली ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं आणि मुंबईत माझगावला विलिसच्या जीपा जोडल्या जाऊ लागल्या. भागीदार देश सोडून गेला तरी नावात फक्त एक शब्द बदलावा लागला, हे वाचून हिशेबनिसाच्या डोळ्यांत पाणी येतं. इथून ती जीप मामलेदाराकडे गेली, जंगल खात्याकडे गेली, निवडणुकीला गेली आणि शेवटी आमच्या डोंगराच्या पायथ्याशी काळी-पिवळी होऊन तिची वंशावळ स्थिरावली. चार चाकं ओढणारी पुढची यंत्रणा या प्रवासात बहुतेकींनी गाळली. ती जागा उतारूंनी घेतली. घाटात गाडी अडली की सगळे उतरून ढकलतात. तेव्हा ती चार नव्हे, चोवीस पायांची ड्राइव्ह असते.

आता या दोन्ही गाड्यांवर काठी कशी जाते, ते पाहा.

शहरवाल्यांच्या गाडीचं सगळं पद्धतशीर. आमच्या कॅशियरसाहेबांनी एकदा एका वयस्कर गळवाल्याला चहा पाजून सगळं शास्त्र काढून घेतलं. (नोटा मोजायच्या सवयीने ते मुद्देही मोजून घेतात.) मुद्दे असे. पहिला, काठीचे तुकडे सोडवता येत असतील तर सोडवून नळीत घालावी आणि शक्यतो गाडीच्या आतच ठेवावी. दुसरा, रीळ काढून ठेवावं, कारण खड्ड्यात धक्का बसतो तो रिळाच्या वजनाने. तिसरा, बाहेर बांधायचीच तर बूड पुढे आणि शेंडा मागे, म्हणजे वारा आणि फांद्या तिला कुरवाळत जातात, ओरबाडत नाहीत. चौथा, आधार किमान दोन आणि त्यांत अंतर चांगलं, पट्टा मऊ, आणि आवळायचा तो हलणार नाही इतकाच, चिरडेल इतका नाही. पाचवा, गळ मोकळा लोंबू द्यायचा नाही. तो मासा आणि माणूस यांत भेद करत नाही. आणि सहावा मुद्दा म्हाताऱ्याने अगदी कळवळून सांगितला, की काठ्या मोठ्या माशाने मोडत नाहीत हो, गाडीच्या दाराने मोडतात.

काळी-पिवळीत एकच मुद्दा असतो, हात. काठी आत तिरकी घालायची, शेंडा खिडकीबाहेर, आणि बूड मालकाच्या पायाच्या अंगठ्यात. मधला भाग तीन अनोळखी माणसांच्या मांडीवरून जातो आणि ती माणसं तो आपल्या घरचा असल्यासारखा धरतात. मी एकदा ड्रायव्हरला काळजीने विचारलं तर तो म्हणाला, “काय नही व्हत, भाऊ.” आणि खरंच, मोडत नाही. एक तर तो बांबू, वाकायला शिकलेला. दुसरं म्हणजे ज्याची काठी आहे त्याला त्या काठीने संध्याकाळचं कालवण मिळवायचं असतं. शौकाची वस्तू पट्ट्याने बांधतात, पोटाची वस्तू अंगठ्यात धरतात.

पण काठी मोडत नाही, एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. काठी, सळई, बांबू, ऊस, काहीही असो. गाडीच्या आत असतं ते आपलं, आणि बाहेर राहतं ते लोकांच्या वाट्याला जातं. बाहेरच्या टोकाचं एक गणित आहे. सारख्या जाडीच्या काठीची आधारापासून बाहेर राहिलेली लांबी दुप्पट केलीत तर स्वतःच्या वजनाने तिचं टोक दुप्पट नाही, सोळापट लवतं. चक्रवाढ व्याजालाही एवढी घाई नसते. आणि खड्ड्यात ते टोक जे वर-खाली नाचतं, ते बरोबर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या गळ्याच्या उंचीवर.

यावर आपला राष्ट्रीय उपाय म्हणजे लाल फडकं. बाहेर काढलेल्या टोकाला एक चिंधी बांधली की मालकाची जबाबदारी संपते, अशी आपली श्रद्धा आहे. फडकं मूळचं लाल असतंच असं नाही, पण धुळीने सगळ्यांना एक रंग येतो. आणि रात्री लाल रंग दिसतो कोणाला? उसाच्या हंगामात मी शहाद्याहून रात्री मोटारसायकलने परतताना पुढे एक गाडी जात होती. मागचा दिवा नाही, आणि बांबू दोन हात बाहेर. समोरून एक ट्रक आला, त्याच्या उजेडात ते टोक मला दिसलं तेव्हा माझ्यात आणि त्याच्यात एका पासबुकाएवढं अंतर होतं. शेंड्याला फडकं होतं. नियमाप्रमाणे सगळं ठीक होतं! फक्त मी त्या नियमात बसत नव्हतो. मी नुसता मागे होतो.

१९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर काढायची मुभा होती. ट्रकबाहेर आलेल्या सळ्यांवर रात्री मागून गाड्या आदळत, माणसं जात. अशी किती गेली, मग २०१४ साली ती मुभा काढून घेतली. एक मीटरचा नियम रद्द व्हायला पंचवीस वर्षं लागली. इथेही वाहन लांब झालं नाहीच, पण या वेळी काठीला कायद्याने आत घ्यायला सांगितलं. सळई ऐकते का, ते हमरस्त्यावर जाऊन पाहावं.

आमच्या बँकेत एक शब्द रोज कानावर पडतो, ‘बाहेर किती आहे?’ म्हणजे येणं किती राहिलं आहे. आत असलेल्या पैशाची काळजी साहेब करत नाहीत, झोप उडते ती बाहेर असलेल्याने. गाडीवर बांबू बांधणाऱ्याने हाच एक बँकेतला प्रश्न स्वतःला विचारावा. काठी आपल्याला किती महागात पडली, हे प्रत्येकाला पाठ असतं. टोक दुसऱ्याला किती महागात पडेल, याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शौकवाल्यांनी तुकडे करून नळीत घालावी, पोटवाल्यांनी अंगठ्यात धरावी, पण शेंडा तेवढा आत घ्यावा. शेजारच्या उतारूच्या नाकाला तो लागेल, हे खरं. पण शेजारचा निदान ओरडेल तरी. मागच्याला तेवढी सवड मिळत नाही.